दहावीच्या पुस्तकातलं बेल्जियम आणि माझ्या टेबलावरचं बेल्जियम

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी दहावीला, सीबीएसई. राज्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात बेल्जियम आहे: डचभाषक आणि फ्रेंचभाषक यांनी समजूतदारपणे सत्ता वाटून घेतली, श्रीलंकेसारखं रक्त सांडलं नाही, प्रश्न सुटला. पण आईने बातम्या चाळल्या तर त्याच देशात ५४१ दिवस सरकार नव्हतं, आणि "देश फुटणार का" ही चर्चा दर निवडणुकीला. "मग खरं काय? भांडण मुळात कशावरून? आणि हे आपल्या बेळगावसारखं आहे का?"

ताई, मी बावीस वर्षं ब्रसेल्सच्या वेशीवर राहतो आणि डच-फ्रेंच कायदेशीर कागदांची भाषांतरं करून पोट भरतो. म्हणजे हे भांडण हाच माझा धंदा. म्हणून आधीच सांगतो, माझ्या मते पुस्तक खोटं बोलत नाही, पण "सुटला" हा शब्द चुकीचा आहे. बेल्जियमने भांडण रस्त्यावरून उचललं आणि कागदावर ठेवलं. कागद वाढत गेले, भांडण तिथेच आहे.

आता मुळात काय झालं ते. सगळ्यांचा पहिला गैरसमज असा की उत्तरेत डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेत फ्रेंच बोलणारे वालून, आणि दोघे सीमेवर उभे राहून एकमेकांना शिव्या देतात. आज नकाशा तसा दिसतो खरा. पण १८३० मध्ये, नेदरलँड्सच्या राजाविरुद्ध बंड करून हा देश जन्माला आला तेव्हा, फ्रेंच ही दक्षिणेची भाषा नव्हती. ती वरची भाषा होती. गेंट आणि अँटवर्प ही भर फ्लँडर्समधली, म्हणजे उत्तरेतली शहरं, पण तिथला गिरणीमालक, डॉक्टर, वकील, न्यायाधीश घरात फ्रेंच बोलायचा. नोकराशी आणि घोड्याशी फ्लेमिश, म्हणजे इथलं डच. अशा फ्लेमिश साहेबलोकांना खालचे लोक "फ्रान्सकिलों" म्हणत, आणि त्यात जो तुच्छतेचा वास आहे तो वालून माणसाबद्दलच्या शब्दांत नाही. दक्षिणेतला गरीबही तेव्हा फ्रेंच बोलत नव्हता, तो वालून नाहीतर पिकार्ड बोलायचा. त्या बोलीही फ्रेंच शाळेने मारल्या, पण त्यांच्यासाठी कुणी चळवळ केली नाही.

१८३१ च्या राज्यघटनेत भाषेचं स्वातंत्र्य लिहिलं होतं: कुणी कुठली भाषा वापरावी यावर सक्ती नाही. वाचायला छान. व्यवहारात अर्थ असा की अधिकाऱ्यालाही त्याला हवी ती भाषा वापरायचं स्वातंत्र्य, आणि अधिकारी फ्रेंच शिकलेला. तेव्हा मत द्यायचा हक्क शंभरात जेमतेम एकाला, तोही पैसेवाल्याला. त्यामुळे लोकसंख्येत डच बोलणारे जास्त असूनही राज्य एका भाषेत चाललं. त्या राज्यघटनेची डच प्रत अधिकृत कधी झाली माहीत आहे? १९६७. एकशे छत्तीस वर्षं देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या भाषेत त्यांच्या राज्यघटनेचं फक्त भाषांतर होतं. माझ्यासारख्या भाषांतरकाराला हा आकडा इथल्या कुठल्याही लढाईपेक्षा जास्त बोलतो.

एक प्रकरण जरा थांबून सांगतो, कारण फ्लँडर्समध्ये ते अजून जिवंत आहे. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला, घरगुती विणकाम बुडालं आणि फ्लँडर्समध्ये उपासमार झाली. पोटासाठी फ्लेमिश मजूर दक्षिणेत वालोनियातल्या कोळशाच्या खाणींकडे निघाले. त्यांतले दोघे, यान कूके आणि पीटर गूटाल्स. १८६० मध्ये शार्लरुआजवळ एका विधवेचा खून झाला, या दोघांना पकडलं. खटला चालला फ्रेंचमध्ये. आरोपींना फ्रेंच येत नव्हतं, आणि न्यायालयात काय चाललंय ते त्यांना धड कळलंच नाही असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शार्लरुआत दोघांची डोकी गिलोटिनखाली गेली. पुढच्याच वर्षी एक टोळी पकडली गेली आणि खून आपण केला असं त्यांनी कबूल केलं. दोघे अगदी धुतल्या तांदळासारखे होते का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण न समजणाऱ्या भाषेत माणसाला मरणाची शिक्षा सांगितली गेली, हे चित्र एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. १८७३ मध्ये फ्लँडर्समधल्या फौजदारी खटल्यांत डच वापरण्याचा कायदा आला, त्यामागे हे चित्र होतं. माझ्या धंद्यातले लोक चहा पिताना अजूनही या दोघांची नावं काढतात. दुभाषा वाईट असला की काय होतं त्याचा दाखला म्हणून.

मग पायरीपायरीने कायदे आले: प्रशासन, माध्यमिक शाळा, आणि १८९८ चा समानतेचा कायदा. त्या वर्षापासून प्रत्येक कायद्याची डच प्रत आणि फ्रेंच प्रत सारख्याच वजनाची. मूळ आणि भाषांतर असा भेद कायद्यापुढे नाही. राजपत्र आजही दोन्ही भाषांत छापलं जातं. आणि दोन प्रतींत फरक निघाला तर? न्यायाधीशाला "फ्रेंच मूळ आहे, ते धरा" असं म्हणता येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते दोन्हींतून शोधावं लागतं. मी एकदा एका करारात एक स्वल्पविराम चुकवला होता. त्या दिवशी आलेल्या फोनची आठवण काढायलाही मला आवडत नाही.

पहिल्या महायुद्धाने या रागाला लष्करी गणवेश घातला. १९१४ मध्ये राजा आल्बेर्टने स्वतः फ्लेमिश सैनिकांना १३०२ च्या सोनेरी एडांच्या (घोडेस्वाराच्या टाचेला असतो तो काटा) लढाईची आठवण करून दिली होती, जिथे फ्लँडर्सच्या विणकर-कसायांनी फ्रेंच सरदारांना लोळवलं. (त्या वर्षी ब्रूजमध्ये शत्रू ओळखायला "स्खिल्ड एन व्रिंट" म्हणायला लावत, फ्रेंच माणसाला तो घशातला "स्ख" जमेना म्हणून मारलं, अशी कथा आहे. आपण "ळ" म्हणायला लावावं तसं.) आइझर नदीच्या खंदकात चार वर्षं बहुसंख्येने फ्लेमिश शेतकऱ्यांची पोरं होती, आणि हुकूम देणारे अधिकारी बहुतेक फ्रेंच बोलणारे. अधिकारी फ्रेंचमध्ये लांबलचक सूचना देई आणि शेवटी म्हणे, "आणि फ्लेमिश लोकांसाठी, तेच." हे वाक्य प्रत्यक्षात किती वेळा उच्चारलं गेलं देव जाणे. हुकूम न कळल्यामुळे सैनिक मेले ही गोष्टही इतिहासकारांनी बरीच पातळ केली आहे. पण खंदकातून परतलेल्या माणसाला अपमान झाल्याचं सांगायला इतिहासकार लागत नाही. त्यातून एक चळवळ उभी राहिली. दुसरीकडे देश व्यापून बसलेल्या जर्मनीने १९१६ मध्ये गेंटचं विद्यापीठ डच करून दाखवलं आणि फ्लेमिश राष्ट्रवादाला कायमचा डाग लावला. युद्ध संपल्यावर विद्यापीठ पुन्हा फ्रेंच झालं. ते पूर्ण डच व्हायला १९३० उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात हाच डाग आणखी गडद झाला, आणि आजही वालोनियात "फ्लेमिश राष्ट्रवादी" म्हटलं की पहिली शंका तिथूनच येते.

आता ब्रसेल्स. हे कळलं नाही तर बाकी काही कळणार नाही. ब्रसेल्स मुळात ब्राबंटी डच बोलणारं गाव. तिथे फ्रेंचभाषक येऊन राहिले आणि त्यांनी डचांना हाकललं असं झालं नाही. झालं ते असं की डच बोलणाऱ्या आईबापांनी पोरं फ्रेंच शाळेत घातली. नोकरी फ्रेंचमध्ये, बढती फ्रेंचमध्ये, जावई बघायचा तर फ्रेंच बोलणारा. दोन-तीन पिढ्यांत आजी एक भाषा बोलते आणि नातू दुसरी. पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

फ्लेमिश लोकांना भीती होती ती याची: ब्रसेल्सचं फ्रेंच तेलाच्या डागासारखं पसरतंय. डच भाषेत शब्दच तो आहे, तेलाचा डाग. आणि डाग मोजायचं यंत्र होतं जनगणना. १९३२ च्या कायद्यानुसार एखाद्या गावात दुसरी भाषा बोलणारे ३० टक्क्यांवर गेले की त्या भाषेत सेवा द्यायची, ५० टक्क्यांवर गेले की गावाची भाषाच बदलायची. म्हणजे दर दहा वर्षांनी जमीन हातातून जाण्याची टांगती तलवार. १९४७ ची जनगणना इतकी वादग्रस्त झाली की भाषेचे आकडे १९५४ मध्ये बाहेर आले, आणि त्यांच्या जोरावर एव्हेरे, गान्सहोरेन आणि सिंट-आगाथा-बेर्खेम ही तीन गावं ब्रसेल्समध्ये गेली. पुढच्या खेपेला फ्लेमिश महापौरांनी भाषेचा रकाना असलेले अर्ज वाटायलाच नकार दिला. १९६१ मध्ये कायद्याने तो प्रश्नच काढून टाकला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याच काळात पैशाचा तराजू उलटला. शंभर वर्षं वालोनिया श्रीमंत होती: कोळसा, पोलाद, काच, लिएजचे कारखाने. खाणी जुन्या झाल्या, बंद पडू लागल्या. १९५६ मध्ये मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यांतली १३६ इटालियन, कारण तोपर्यंत तिथे उतरायला स्थानिक माणूस मिळत नव्हता. उलट अँटवर्प बंदर, परदेशी कारखाने, नवे रस्ते यांच्या बळावर फ्लँडर्स १९६० च्या दशकात पुढे गेलं. १९६०-६१ च्या हिवाळ्यात सरकारच्या काटकसरीच्या कायद्याविरुद्ध प्रचंड संप झाला. वालोनियात तो पेटला, फ्लँडर्समध्ये लवकर विझला. तेव्हा वालून कामगार नेता आंद्रे रनार म्हणाला की आम्हाला आमचा कारभार आमच्या हातात हवा. म्हणजे बघा, संघराज्याची मागणी दोन्हीकडून आली, पण वेगवेगळ्या पोटदुखीतून. फ्लेमिश लोकांना भाषा आणि संस्कृती सांभाळायची होती म्हणून त्यांनी "समुदाय", म्हणजे भाषेनुसार सरकारं, मागितले. वालून लोकांना कारखाने वाचवायचे होते म्हणून त्यांनी "प्रदेश", म्हणजे भूभागानुसार सरकारं, मागितले. दोघांनाही मिळालं. म्हणून आज या एवढ्याशा देशात समुदायही आहेत आणि प्रदेशही आहेत, आणि तुमच्या मुलीला तो तक्ता पाठ करताना घाम फुटतो.

१९६२-६३ मध्ये भाषेची सीमा कायमची आखली. आकडे वर गेले काय, खाली आले काय, रेषा हलणार नाही. जिथे रेषेपलीकडे अल्पसंख्य राहिले तिथे "सुविधा" दिल्या, म्हणजे सरकारी कागद आपल्या भाषेत मागायची सोय. मुस्क्रों आणि कोमीन ही गावं पश्चिम फ्लँडर्समधून काढून फ्रेंच बाजूला दिली. फूरनची सहा खेडी लिएज प्रांतातून काढून फ्लेमिश लिम्बुर्गला जोडली, आणि तिथे मात्र भडका उडाला. फूरनचा नेता जोझे हापार महापौर म्हणून निवडून आला आणि डच येतं हे दाखवायला त्याने नकार दिला. चारेक हजार वस्तीच्या त्या खेड्यांपायी १९८७ मध्ये देशाचं सरकार पडलं.

आणि लूव्हन. फ्लँडर्समधलं पाचशे वर्षांहून जुनं कॅथलिक विद्यापीठ, एक डच विभाग, एक फ्रेंच. फ्लेमिश विद्यार्थ्यांनी घोषणा दिली, "वालून बाहेर!" १९६८ च्या फेब्रुवारीत त्यावरून सरकार पडलं. विद्यापीठ चिरलं गेलं, आणि फ्रेंच अर्ध्यासाठी भाषेच्या रेषेपलीकडे बीटाच्या शेतात एक अख्खं नवीन गाव बांधलं: लुव्हँ-ला-नव्ह. ज्या ग्रंथालयाला जर्मनांनी १९१४ मध्ये एकदा जाळलं आणि १९४० मध्ये जे पुन्हा जळलं, त्याच्या नशिबी तिसऱ्यांदा घरच्यांकडून वाटणी आली. पुस्तकांची विभागणी कपाट-क्रमांकांवर झाली, सम इकडे, विषम तिकडे. एकाच ग्रंथमालेचे खंड दोन गावांत गेल्याच्या कहाण्या जुने ग्रंथपाल अजून सांगतात. भाऊबंदकीत पितळेचं घंगाळ एकाकडे आणि त्याचं झाकण दुसऱ्याकडे जातं ना, तसं. त्याच १९६८ मध्ये ख्रिस्ती लोकशाही पक्ष भाषेवर फुटला, १९७२ मध्ये उदारमतवादी, १९७८ मध्ये समाजवादी. तेव्हापासून या जुन्या मोठ्या पक्षांत देशभर मतं मागणारा एकही राहिला नाही. माझ्या मते १९७० पासूनच्या सगळ्या घटनादुरुस्त्यांपेक्षा हा बदल मोठा. अँटवर्पमधल्या मतदाराला शार्लरुआच्या नेत्याला मत देताच येत नाही, मग त्या नेत्याने अँटवर्पबद्दल चांगलं का बोलावं?

पुस्तकात जे "सत्तावाटप" आहे ते इथून पुढे. १९७० पासून आजवर सहा राज्यसुधारणा. केंद्रात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच मंत्री सारख्या संख्येने. एका भाषेच्या खासदारांना एखादा कायदा आपल्यावर अन्याय वाटला तर "धोक्याची घंटा" वाजवून तो थांबवायची सोय. १९९३ पासून राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की हे संघराज्य आहे. या व्यवस्थेने माणसं वाचवली, यात शंका नाही. या सगळ्या काळात मारामारीने गेलेला जीव शोधायचा तर १९७० मध्ये ब्रसेल्सला पोस्टर चिकटवताना झालेल्या हाणामारीनंतर वारलेला एक फ्रेंचभाषक कार्यकर्ता आठवतो. दोन भाषा, दीडशे वर्षांचा राग आणि इतकं कमी रक्त, हे कर्तृत्व थोडं नाही. इथवर पुस्तक बरोबर.

पण किंमत मोजली ती दोन प्रकारे. एक पैशाची. इथे "वॅफलच्या साच्याचं राजकारण" असा शब्द आहे: साचा दाबला की दोन्ही बाजूंना सारखीच खाच पडते. फ्लँडर्सला झेब्रुगे बंदरासाठी पैसे दिले? मग वालोनियालाही तेवढे द्या, काहीतरी बांधा. स्ट्रेपी-त्यू इथे जहाजं ७३ मीटर वर उचलणारी एक राक्षसी लिफ्ट आहे, २००२ मध्ये सुरू झाली. ती बघायला जरूर जा, अभियांत्रिकी म्हणून थक्क करते. पण एवढी मोठी हवी होती का हा प्रश्न इथे कुणालाही विचारा. २००५ मध्ये फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाने खोट्या नोटांनी भरलेले ट्रक नेमके तिथे नेऊन उभे केले होते: बघा, आमचा पैसा कुठे जातो. ज्यांच्या आज्यांना दक्षिणेत कोळसा उपसून पोट भरावं लागलं त्यांचेच नातू. दक्षिणेला हे फार लागतं, आणि मला वाटतं रास्त लागतं.

दुसरी किंमत अनोळखीपणाची. डचभाषक माणूस डच वाहिनी बघतो, डच पुढाऱ्याला ओळखतो, सुट्टीला फ्रान्सला जाताना वालोनियातून गाडी न थांबवता जातो. फ्रेंचभाषकाचं तेच उलट. २००६ च्या डिसेंबरमध्ये इथल्याच फ्रेंचभाषक सरकारी वाहिनीने चालू कार्यक्रम तोडून "फ्लँडर्सने स्वातंत्र्य जाहीर केलं" अशी बनावट बातमी दाखवली आणि असंख्य लोकांनी ती खरी मानली, कारण पलीकडे काय चाललंय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या वर्षी होऊ घातलेल्या पंतप्रधानाला, इव्ह लेतेर्मला, राष्ट्रीय दिनी पत्रकाराने फ्रेंचमध्ये राष्ट्रगीत म्हणायला सांगितलं, तर गृहस्थ फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणू लागले.

५४१ दिवसांचं म्हणाल तर त्याचं मूळ एका मतदारसंघात होतं: ब्रसेल्स-हाले-फिल्व्होर्डे. यात द्विभाषिक ब्रसेल्स आणि भोवतालची डच गावं एकत्र, त्यामुळे फ्रेंच पक्षांना फ्लेमिश जमिनीवर मतं मिळायची. तेलाचा डाग आठवा. त्यावरून एप्रिल २०१० मध्ये सरकार पडलं, १३ जूनला निवडणूक झाली आणि नवं सरकार शपथ घ्यायला ६ डिसेंबर २०११ उजाडला. पण तेव्हा अराजक होतं असं समजू नका. काळजीवाहू सरकारने युरोपीय संघाचं अध्यक्षपद सांभाळलं, लिबियावर विमानं पाठवली. पगार झाले, कचरा उचलला गेला, कारण रोजचं बरंचसं काम प्रादेशिक सरकारांकडे होतं. सरकारविना राहण्याचा इराकचा विक्रम मोडला तेव्हा विद्यार्थ्यांनी चौकात फुकट बटाट्याचे फ्रिट्स वाटले. २०१२ मध्ये तो मतदारसंघ तोडला. त्या कायद्याचे मसुदे मी वाचले आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते समजणारी माणसं या देशात एका बसमध्ये मावतील.

आता माझ्या गल्लीतलं सांगतो. मी राहतो ते गाव फ्लँडर्समध्ये, पण "सुविधा" असलेलं. इथे नगरपालिकेची सभा डचमध्येच चालते, समोर बसलेले सगळे फ्रेंचभाषक असले तरी. शेजारच्या मादाम ऐंशी पार आहेत, जन्मापासून फ्रेंच. दर वर्षी त्यांना कराचं पत्र डचमध्ये येतं. १९९७ च्या फ्लेमिश परिपत्रकाप्रमाणे फ्रेंच प्रत हवी तर प्रत्येक वेळी नव्याने मागायची. एकदा मागितली म्हणजे कायमची मागितली असं नाही. मग मादाम दर वर्षी तेच पत्र लिहितात, त्याची नक्कल एका जाड निळ्या फाइलमध्ये लावतात, आणि तीन आठवड्यांनी फ्रेंच प्रत येते. फाइल मी पाहिली आहे, उशीएवढी झाली आहे. गंमत ही की त्याच मादाम सकाळी बेकरीत अस्खलित डच बोलून पाव घेतात, आणि बेकरीवाला त्यांना फ्रेंचमध्ये सुटे पैसे मोजून देतो. मी एकदा म्हटलं, तुम्हाला डच येतं, मग ते पत्र तसंच वाचून भरून टाका की. त्या म्हणाल्या, "येतं म्हणून वाचीन. पाहिजे म्हणून नाही." पलीकडच्या गल्लीतला फ्लेमिश शेजारी म्हणतो, सुविधा त्यांना भाषा शिकेपर्यंत दिल्या होत्या, त्यांनी त्या मिरासदारी समजल्या. दोघांची बाजू मला कळते. दोघेही माझ्याकडे भाषांतरं आणतात.

गाडीतही हेच. ब्रसेल्समध्ये घोषणा दोन्ही भाषांत, सीमा ओलांडली की फक्त त्या प्रदेशाच्या. २०२४ च्या अखेरीस एका कंडक्टरने फिल्व्होर्डेजवळ "खुयेमोर्खन, बोंझूर" असं दोन्ही म्हटलं, तर एका प्रवाशाने भाषा आयोगाकडे तक्रार ठोकली. देशभर हसं झालं, पण कायदा काय म्हणतो ते तक्रारदाराला पाठ होतं. रस्त्यावर पाट्या बदलतात: लिएज हे लाउक होतं, मोंस हे बेर्गन, आणि फ्रान्समधलं लील शोधत अँटवर्पहून निघालात तर पाटीवर फक्त "रायसल" लिहिलेलं. पहिल्या वर्षी मी असाच दीड तास चुकलो होतो.

फुटेल का? बावीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. सध्याचा पंतप्रधान बार्ट डे व्हेव्हर, फेब्रुवारी २०२५ पासून. त्याच्या पक्षाच्या घटनेत स्वतंत्र फ्लँडर्स हे ध्येय लिहिलेलं आहे, आणि हाच माणूस बेल्जियमचं कर्ज कमी करत बसला आहे. अडतं ते ब्रसेल्सवर. चारही बाजूंनी फ्लँडर्स, आत बहुतेक फ्रेंच बोलणारे, दोघांचीही राजधानी. ते सोडून वेगळं व्हायला कुणी तयार नाही आणि घेऊन जायला दुसरा देणार नाही. शिवाय ब्रसेल्समध्ये आता वेगळीच उलथापालथ चालू आहे: मोरोक्कन, काँगोली, फ्रेंचभाषक आईबाप पोरांना डच शाळेत घालायला धडपडतात, कारण दोन्ही भाषा आल्या तर नोकरी मिळते. ज्या शाळांना शंभर वर्षांपूर्वी कुणी विचारत नव्हतं तिथे आता प्रवेशासाठी डच घरच्या मुलांना राखीव जागा ठेवाव्या लागतात.

बेळगावचं विचारलंत. फूरन किंवा मादामची फाइल ऐकून बेळगाव आठवणारच. सरकारी कागद मराठीत मिळावेत ही तिथली मागणी तर शब्दाशब्दाने तीच. पण एक फरक मोठा आहे. बेळगावच्या भांडणात दोन राज्यांच्या वर दिल्ली आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, जिथे महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा लावला. निकाल लागो न लागो, जायला तिसरं दार आहे. बेल्जियममध्ये वरचा असा कुणी नाही; जे केंद्र आहे ते याच दोघांनी अर्धंअर्धं वाटून घेतलेलं.

आणि मुलीसाठी एक. पुस्तकात लिहिलंय की ५९ टक्के डच बोलतात, ४० टक्के लोक वालोनियात राहतात आणि फ्रेंच बोलतात, १ टक्का जर्मन. भाषेचा रकाना १९६१ मध्ये कायद्याने काढला हे वर सांगितलं. म्हणजे १९४७ नंतर या देशात कोण कुठली भाषा बोलतो हे सरकारने मोजलेलंच नाही. शिवाय वालोनियात देशाचे एकतृतीयांशाहून कमी लोक राहतात. ४० करायला ब्रसेल्सचे फ्रेंचभाषक त्यात धरावे लागतात, आणि ब्रसेल्स वालोनियात नाही. हे मी माझ्या फ्लेमिश शेजाऱ्याला दाखवलं तर तो अर्धा तास बोलत राहिला. पेपरात मात्र तिला पुस्तकातलेच आकडे लिहू द्या, मार्क तिथेच आहेत.